लंबकाचं घड्याळ सारखं थांबतंय? घर्षण नेमकं कुठे आहे ते असं शोधा

लक्षण साधारण असं असतं. घरी बनवलेलं लाकडी चाकांचं घड्याळ सुरू केलं की वीस मिनिटं, कधी दोन तास, कधी अख्खी रात्र छान चालतं आणि मग थांबतं. लंबकाला बोटाने झोका दिला की पुन्हा सुरू. दाते तुटलेले नाहीत, दोरी गुंतलेली नाही, वरवर पाहता सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

अशा वेळी हात सगळ्यात आधी वजनाकडे जातो. दोन किलोचं तीन किलो केलं की घड्याळ चालतंही. पण दोष जागच्या जागी राहतो. वाढलेल्या भाराने आसांची भोकं लवकर झिजतात, पॅलेटवर, म्हणजे एकेक दाता अडवून सोडणाऱ्या पृष्ठभागांवर, दात्यांचे ओरखडे उठतात आणि काही महिन्यांनी तीन किलोही पुरेनासे होतात. शिवाय मूळ दोष कुठे होता हे कळण्याची खूणही त्या जादा वजनाखाली दबून जाते. म्हणून वजन आहे तेवढंच ठेवा आणि आधी शोध घ्या.

समजायला सोपं जावं म्हणून एक नेहमीची रचना धरू. एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जायला एक सेकंद घेणारा लंबक, म्हणजे लांबी सुमारे ९९ सेंटिमीटर. एस्केप चाकाला, म्हणजे लंबकाच्या दर दोन झोक्यांना एक दाता सुटणाऱ्या शेवटच्या चाकाला, ३० दाते, म्हणजे त्याचा एक फेरा मिनिटाचा. मिनिटकाट्याच्या आसावर ६४ दात्यांचं चाक, ते मधल्या आसावरच्या ८ दात्यांच्या पिनियनला, म्हणजे छोट्या दातेरी चाकाला, फिरवतं. मधल्या आसावर ६० दात्यांचं चाक, ते एस्केप आसावरच्या ८ दात्यांच्या पिनियनला फिरवतं. ८ गुणिले साडेसात, बरोबर ६०. दोरीचा ड्रम मिनिटाच्याच आसावर, त्रिज्या २० मिलिमीटर, वजन २ किलो.

या घड्याळात तासाला साडेबारा सेंटिमीटर दोरी सुटते. त्यातून मिळणारी शक्ती सुमारे ०.७ मिलिवॅट. उपकरणांवर खूण म्हणून असतो तसा एक इवलासा एलईडी पूर्ण उजेडाने लावला तर चाळीसेक मिलिवॅट खातो, म्हणजे आपलं अख्खं घड्याळ त्याच्या पन्नासाव्या हिश्शापेक्षाही कमी शक्तीवर चालतं. आणि मिनिटाच्या आसावर जेवढा पीळ (फिरवणारा जोर) असतो त्याचा साठावा भागच एस्केप चाकापर्यंत पोचतो, तोही घर्षण शून्य धरलं तर. त्यामुळे चाकांच्या या साखळीत जसजसं एस्केप चाकाकडे जावं तसतसं घर्षण महाग होत जातं. ड्रमच्या आसावर जे घर्षण जाणवतही नाही, तेवढंच एस्केप आसावर असेल तर घड्याळ जागीच थांबतं. कुठे आधी बघायचं आणि कुठे नंतर, हे यावरून ठरतं.

थांबलेल्या घड्याळाला लगेच झोका देऊ नका

घड्याळ ज्या स्थितीत थांबलं ती स्थिती हाच तुमच्याकडचा सगळ्यात चांगला पुरावा आहे, आणि झोका दिला की तो पुसला जातो. आधीच प्रत्येक चाकाच्या एका दात्यावर पेन्सिलने खूण करून ठेवा आणि पिनियनच्या एका दात्यावरही. घड्याळ थांबलं की मोबाइलवर समोरून आणि बाजूने फोटो काढा. काटे कुठे आहेत, कुठल्या चाकाची खूण कुठे आहे, वजन जमिनीपासून किती उंचीवर आहे, हे सगळं त्यात दिसलं पाहिजे. चार-पाच वेळा थांबेपर्यंत हे करा. मग फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा की कोणती गोष्ट दरवेळी सारखी आहे.

आपल्या रचनेत एस्केप चाकाचा फेरा १ मिनिटाचा, मधल्या चाकाचा साडेसात मिनिटांचा आणि मिनिटाच्या चाकाचा १ तासाचा. मधल्या चाकाची खूण दरवेळी एकाच जागी असेल, मिनिटकाटा मात्र वेगवेगळ्या ठिकाणी, तर दोष त्या आसावर किंवा त्या चाकाच्या एखाद्या दात्यात. एक बारकावा इथे महत्त्वाचा आहे. ६४ ला ८ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दाता कायम त्याच आठ दात्यांना भेटतो. पण ६० ला ८ ने भाग जात नाही, तिथे एक ठरावीक दाता एका ठरावीक दात्याला मधल्या चाकाच्या दोन फेऱ्यांनी, म्हणजे पंधरा मिनिटांनी भेटतो. थांबण्याचं अंतर पंधरा मिनिटांच्या पटीत येत असेल, तर दोन्हीकडच्या एकेका दात्याची जोडी शोधा. बहुतेक वेळा एका दात्यावर लेझरने कापताना आलेली काजळी जाड राहिलेली असते किंवा प्लायवूडचा एक थर सुटून ताठ उभा राहिलेला असतो.

वजन दरवेळी एकाच उंचीवर असताना घड्याळ थांबत असेल तर चाकांकडे बघूच नका, ती वेगळी गोष्ट आहे आणि खाली तिचं सांगितलं आहे. मिनिटकाटा दरवेळी ४० ते ५० च्या मध्ये असेल, तर काट्याचा तोल बघा. आणि काहीच सारखं नसेल, तर घर्षण एका जागी नसून सगळीकडे थोडं थोडं आहे, किंवा लंबकच ऊर्जा गिळतो आहे.

लंबक एकटा किती वेळ झुलतो?

अँकर म्हणजे एस्केप चाकाचे दाते पॅलेटने अडवणारा-सोडणारा तुकडा, आणि क्रच म्हणजे त्याच्यापासून खाली येऊन लंबकाला ढकलणारी काडी. ही काडी बाजूला काढा, म्हणजे लंबकाचा चाकांशी संबंध तुटतो. लंबकाच्या टोकामागे पट्टी लावा. ९९ सेंटिमीटर लांबीवर एक अंश म्हणजे साधारण साडेसतरा मिलिमीटर. लंबक ७ सेंटिमीटर बाजूला ओढून सोडा, म्हणजे चार अंश झाले, आणि झोका साडेतीन सेंटिमीटरवर यायला किती वेळ लागतो ते मोजा.

किलोभराचा गोळा, लाकडी दांडा आणि पातळ पोलादी पट्टीवरची टांगणी असेल तर यासाठी कित्येक मिनिटं लागायला हवीत. मिनिटभरात झोका निम्मा होत असेल तर चाकं, पिनियन, आस यातल्या कशालाही हात लावायची गरज नाही, गळती इथेच आहे. तीन ठिकाणं तपासा.

पहिलं म्हणजे टांगणी. लंबक बॉल बेअरिंगवर टांगायची पद्धत घरगुती आराखड्यांत बरीच दिसते, कारण ती बनवायला सोपी. पण त्या बेअरिंगवर गोळ्याचं सगळं वजन असतं आणि लंबक त्याच त्या चार अंशांत मागे-पुढे होत राहतो. माझं स्पष्ट मत आहे की ती काढून टाकावी आणि ०.०५ किंवा ०.१ मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी लावावी. गॅरेजवाले वापरतात त्या फीलर गेजमधली सगळ्यात पातळ पाती याला उत्तम. ती वर आणि खाली पितळी तुकड्यांत सरळ, घट्ट धरलेली हवी. पट्टीला एकदा जरी मुरड पडली असेल तर नवीन कापा, सरळ करून वापरू नका.

दुसरं, भिंत. घड्याळ एकाच खिळ्यावर टांगलं असेल तर लंबकाबरोबर अख्खी चौकट सूक्ष्म हलते आणि प्रत्येक झोक्याला थोडी ऊर्जा तिथे जाते. चौकटीच्या वरच्या कडेवर बोटाचं टोक हलकं टेकवा, ठोक्याबरोबर हालचाल जाणवली तर खाली दोन्ही बाजूंना स्क्रू मारून चौकट भिंतीला आवळा. उंच लाकडी स्टँडवर उभ्या केलेल्या घड्याळांत हा दोष जवळजवळ नेहमीच असतो.

तिसरं, गोळा किंवा दांडा कुठे घासतोय का. हे सोपं वाटतं म्हणून राहून जातं. दिव्याच्या उजेडात मागून कागद धरून बघा.

चाकांची परीक्षा: किती वजनाला साखळी हलते?

लंबक ठीक निघाला तर आता चाकं. अँकर काढून ठेवा. नेहमीचं वजन मुळीच लावू नका, कारण अडवायला अँकर नसताना चाकं सुसाट सुटतात, वजन जमिनीवर आपटतं आणि दाते मोडतात. दोरीला एक छोटी कापडी पिशवी बांधा आणि तिच्यात एकेक नट टाकत जा. ज्या क्षणी एस्केप चाक आपणहून सावकाश फिरू लागेल त्या क्षणी थांबा आणि पिशवी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा. याला आपण सुरुवातीचं वजन म्हणू.

माझ्या मते हा आकडा चालत्या वजनाच्या चौथ्या हिश्शाच्या आत हवा. २ किलोच्या घड्याळात पाचशे ग्रॅमच्या आत. लक्षात घ्या, पूर्ण वजन लावल्यावर दात्यांवरचा दाब वाढतो आणि घर्षणही वाढतं, म्हणून हा आकडा खऱ्या घर्षणापेक्षा कमीच दाखवतो. म्हणजे इथेच सातशे-आठशे ग्रॅम लागत असतील तर दोष नक्की आहे.

मग ड्रम थोडा थोडा फिरवत, तासाचा पूर्ण फेरा होईपर्यंत दहा-बारा ठिकाणी हीच मोजणी करा. आकडा सगळीकडे सारखा आणि जास्त असेल तर आस आणि भोकं बघा. एका बाजूला दोनशे आणि दुसऱ्या बाजूला सहाशे असेल तर एखादं चाक मध्यापासून सरकलेलं आहे किंवा वाकडं आहे. त्यानंतर चाकं एकेक करून काढा. फक्त मिनिटाचा आस, मग मिनिटाचा आणि मधला, मग तिन्ही. कोणता आस बसवल्यावर आकडा उडी मारतो ते दिसेल. कंटाळवाणं काम आहे, पण सगळी चौकट पुन्हा नव्याने बनवण्यापेक्षा पुष्कळ सोपं.

आस आणि त्यांची भोकं

घरगुती घड्याळांत सगळ्यात जास्त ऊर्जा इथे जाते, म्हणून इथे थोडं थांबू.

आसाच्या घर्षणाचा पीळ तीन गोष्टींवर ठरतो: पृष्ठभाग किती खरबरीत, भार किती आणि आसाची त्रिज्या किती. पहिल्या दोन गोष्टी एका मर्यादेपलीकडे कमी होत नाहीत. त्रिज्या मात्र आपल्या हातात असते. ६ मिलिमीटरचा लाकडी दांडा सरळ प्लायवूडच्या भोकात फिरवण्याऐवजी त्याच्या टोकांना २ मिलिमीटरची पोलादी तार बसवली, तर बाकी काही न बदलता घर्षणाचा पीळ तिसऱ्या हिश्शावर येतो. साठ ग्रॅमच्या एस्केप चाकाचा हिशोब केला तर ६ मिलिमीटरच्या आसावर उपलब्ध पिळाचे आठेक टक्के त्या एका जागी जातात, २ मिलिमीटरवर तीन टक्क्यांपेक्षा कमी. सायकलचा साधा स्पोक २ मिलिमीटरचाच असतो आणि सुरुवातीला पुरतो. पियानो वायर मिळाली तर अधिक चांगली, ती कडक आणि सरळ असते. ड्रमच्या आसावर मात्र ही काटकसर नको. तिथे वजनाचा भार असतो, बारीक तार वाकेल, म्हणून तिथे ५-६ मिलिमीटरचाच पोलादी आस ठेवा.

तार कापली की टोकाला धार राहते. ती कानशीने गोल करा. मग तार ड्रिल मशीनमध्ये पकडून फिरवत आधी ६०० चा, मग १००० चा आणि शेवटी २००० चा पॉलिश पेपर लावा, आणि कापडावर ब्रासो घेऊन चकाकी आणा. नखाने ओढून बघितलं तर कुठेही अडकता कामा नये.

आता भोक. १२ किंवा १८ मिलिमीटर जाड प्लायवूडमधून आरपार पाडलेलं भोक आसाला पूर्ण जाडीभर स्पर्श करतं. पुढच्या आणि मागच्या पाटीतली भोकं एका रेषेत नसतील, आणि ती घरी क्वचितच तंतोतंत असतात, तर असं लांब भोक आसाला दोन्ही टोकांना चिमटतं. उपाय म्हणजे आसाचा स्पर्श फक्त दोन-तीन मिलिमीटर लांबीत ठेवायचा. ३ मिलिमीटर बाहेरची आणि २ मिलिमीटर आतली पितळी नळी कापून बुश करा, आतल्या कडांची धार मोठ्या ड्रिल बिटने काढा आणि बाकी भोक रुंद करून टाका. आस आणि बुश यांच्यात ०.१ मिलिमीटर फट हवी. आस भोकात ठेवून टोक धरून हलवला तर किंचित डुगडुगला पाहिजे. बुश घट्ट म्हणजे काम नेमकं, ही समजूत घड्याळात चालत नाही.

भोकं एका रेषेत आणायची तर दोन्ही पाट्या एकत्र आवळून एकदमच ड्रिल करा. पाट्या आधीच झाल्या असतील तर सगळ्या चौकटीचे स्क्रू अर्धा फेरा ढिले करून सुरुवातीचं वजन पुन्हा मोजा. ते झटकन उतरलं तर स्क्रू आवळताना चौकट पिळली जात होती असं समजा. खांबांची लांबी तपासा, एखादा अर्ध्या मिलिमीटरने आखूड निघेल.

आसाला त्याच्या लांबीच्या दिशेने अर्धा ते एक मिलिमीटर मोकळीक लागते. चाकाचा लाकडी गड्डा (मधला जाड भाग) पाटीला टेकून घासत असेल तर तिथे त्रिज्या दहा-पंधरा मिलिमीटर असते आणि बारीक तार वापरून कमावलेलं सगळं तिथे गमावतं. मधे काचेचा छोटा मणी ओवा. बांगड्यांच्या दुकानात मिळतो, गुळगुळीत असतो आणि अगदी लहान त्रिज्येवर टेकतो.

बॉल बेअरिंग वापरायचेच असतील तर ६२३ क्रमांकाचे, म्हणजे ३ मिलिमीटर भोकाचे, उघडे घ्या. स्केटिंगच्या चाकांत असतात ते ६०८, रबरी सील लावलेले, ग्रीसने भरलेले, घड्याळाला जड पडतात. सील आणि ग्रीस मोटारीच्या वेगासाठी आणि भारासाठी असतं. आपला आस मिनिटाला एक फेरा घेतो. सील काढा, बेअरिंग पेट्रोलमध्ये धुवा (उघड्या हवेत, विस्तवापासून लांब), वाळवा आणि कोरडं किंवा एक थेंब पातळ तेलावर वापरा. फुंकर मारल्यावर रिकामं बेअरिंग काही फेरे फिरलं पाहिजे.

तेल

लाकडी किंवा प्लास्टिकच्या दात्यांना तेल लावू नका. कधीच नाही. तेलात धूळ बसते, तिची लेपी होते आणि ती दाते घासत राहते, शिवाय लाकूड तेल पिऊन फुगतं. दात्यांना काही द्यायचंच असेल तर मऊ पेन्सिलीचं ग्राफाइट घासा.

पोलादी आस आणि पितळी बुश यांना मात्र तेल हवं, सुईच्या टोकावर मावेल एवढं. शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं, घड्याळाचं मिळालं तर उत्तम. खोबरेल तेल नको, ते २४ अंशांच्या आसपास गोठतं. पुण्या-नाशिकच्या थंडीत पहाटे थांबणारं आणि दुपारी आपोआप बरं होणारं घड्याळ असेल तर आधी विचारा की आत खोबरेल कुणी घातलं. गंज सोडवणारे फवारेही नकोत. त्यातला पातळ भाग उडून जातो आणि मागे चिकट थर राहतो. असं काही आधी मारलं असेल तर सगळे आस आणि बुश पेट्रोलने पुसून मगच पुढची मोजणी करा, नाहीतर आकडे फसवतील.

दाते एकमेकांत किती खोल?

दोन मॉड्यूलचं (मॉड्यूल म्हणजे दात्यांच्या आकाराचं माप, चाकाचा व्यास भागिले दात्यांची संख्या, मिलिमीटरमध्ये) ६४ दात्यांचं चाक आणि ८ चं पिनियन यांच्या मध्यांमधलं कागदावरचं अंतर ७२ मिलिमीटर. लेझरने कापलेल्या लाकडी चाकांना तेवढंच ठेवलं तर एखाद्या जागी ती नक्की दाटतात. ०.३ ते ०.५ मिलिमीटर जास्त ठेवा. मग चाकाचा पूर्ण फेरा फिरवत प्रत्येक दात्याला पिनियन बोटाने मागे-पुढे हलतं का ते बघा. एकाही दात्याला मोकळीक शून्य असता कामा नये.

किती खोल ते डोळ्यांनी कळत नाही. दात्यांवर पेन्सिल घासून काळं करा आणि हलका भार देऊन साखळी फिरवा. काळं दात्याच्या उंचीच्या मधल्या भागात पुसलं गेलं असेल तर ठीक. दोन दात्यांमधल्या खळग्यात पुसलं गेलं असेल तर चाकं फार जवळ आहेत. फक्त टोकाच्या कोपऱ्यावर खूण असेल तर फार लांब. फार लांब असलेल्या जोडीत दाता सोडून दुसरा पकडताना छोटा झटका बसतो, कान लावला तर ऐकू येतो.

आठ दात्यांच्या पिनियनची एक मूळचीच अडचण आहे. दात कमी असल्यामुळे चाकाचा दाता पिनियनला दोन मध्यांना जोडणाऱ्या रेषेच्या अलीकडेच पकडतो, आणि त्या टप्प्यात दाते एकमेकांवर घसरत आत शिरतात. हे आत शिरतानाचं घर्षण बाहेर पडतानाच्या घर्षणापेक्षा वाईट, पृष्ठभाग खरबरीत असेल तर दाते चक्क अडकतात. यावर मला सगळ्यात आवडणारा उपाय म्हणजे पिंजऱ्याचं पिनियन. दोन चकत्या आणि त्यांच्यामध्ये आठ पोलादी काड्या. चाक पिनियनला ढकलत असताना यातली पकड जवळजवळ सगळी मध्यरेषेच्या पलीकडे होते, आणि चकचकीत पोलादी काडीवर लाकडी दाता छान सरकतो. काड्या चकत्यांत सैल बसवल्या तर त्या स्वतःभोवती थोड्या फिरतात, ते आणखी बरं.

जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने इंग्लंडमध्ये १७२२ च्या सुमारास ब्रॉकल्सबी पार्कच्या मनोऱ्यात बसवलेलं घड्याळ याच विचाराने बनवलेलं आहे. ओकची चाकं, आणि पिनियनमध्ये लिग्नम व्हिटी नावाच्या तेलकट, अतिशय घट्ट लाकडाचे फिरते रोलर. त्या घड्याळाला तेल लागत नाही. चाकांच्या दात्यांत लाकडाचे रेषे त्याने मध्यातून बाहेरच्या दिशेने येतील असे तुकड्यातुकड्यांनी बसवले, म्हणजे दाता रेषेवर मोडत नाही. लाकडी घड्याळ बनवणाऱ्या प्रत्येकाने त्याच्या चाकांची चित्रं एकदा तरी निवांत बघावीत, तीनशे वर्षांपूर्वीचा माणूस आपलेच प्रश्न सोडवत होता हे पाहून हुरूप येतो.

लेझरने कापलेल्या दात्यांची काजळी ४०० च्या पॉलिश पेपरने हलकेच काढा. कोळसा सुटून बारीक भुगा होतो आणि तो सगळ्या जोड्यांत फिरतो. दात्याचा आकार मात्र बदलू देऊ नका, दोन-तीन हलके हात पुरे.

काटा, दोरी आणि लटकतं वजन

३० सेंटिमीटर लांब, ४० ग्रॅमचा, मध्यापासून १२ सेंटिमीटरवर तोल असलेला मिनिटकाटा वर चढताना आपल्या घड्याळाच्या उपलब्ध पिळाचा आठवा हिस्सा खातो. खाली उतरताना तेवढाच परत देतो, पण चढतानाच्या टंचाईत त्याचा उपयोग नाही. काटा ३० पासून ६० कडे चढतो आणि ४५ ला सर्वांत जड असतो. मागच्या बाजूला शेपूट ठेवून तिला शिशाचा किंवा पितळेचा तुकडा लावा. काटा कुठेही सोडला तरी तिथेच राहिला की तोल जमला. हे घर्षण नाही, पण लक्षणं अगदी घर्षणासारखी असतात. त्याच वेळी तासकाट्याची नळी मिनिटाच्या नळीवर मोकळी फिरते का आणि दोन काटे एकमेकांना ओलांडताना टेकतात का, तेही बघून घ्या.

वजन ठरावीक उंचीवर आल्यावर थांबण्याचं कारण असं. दोरी लांबत लांबत लंबकाएवढी झाली की लटकणाऱ्या वजनाचा स्वतःचा झोका लंबकाच्या झोक्याशी जुळतो. चौकट किंचित जरी हलत असेल तरी वजन आपोआप झुलायला लागतं आणि लंबकाची ऊर्जा खेचून घेतं. जुन्या उंच उभ्या घड्याळांतही हा दोष प्रसिद्ध आहे. वजन ड्रमपासून ९९ सेंटिमीटरच्या आसपास असताना खोलीत शांत उभं राहून बघा, ते झुलताना दिसेल. चौकट भिंतीला पक्की आवळणं हा खरा इलाज.

दोरी ड्रमवर एकावर एक चढत असेल तर त्रिज्या बदलते आणि कडेला घासते. जाड नायलॉनऐवजी विणलेली बारीक, मजबूत दोरी वापरा आणि ड्रम रुंद करा. कप्पी लावली असेल तर तिच्या आसालाही वरचे सगळे नियम लागू.

अँकर आणि क्रच

लंबक आणि चाकं दोन्ही परीक्षांत पास झाली, तरी घड्याळ थांबतंय, तर उरलं एवढंच. हलकं वजन लावून लंबक हाताने अतिशय सावकाश हलवा आणि एस्केप चाकाचे तीसही दाते एकेक करून सुटू द्या. प्रत्येक दात्याने पॅलेटवर फक्त टोकाने टेकायला हवं. एखादा दाता अंगाने घासत असेल किंवा एखाद्याला सुटायला लंबक बराच जास्त न्यावा लागत असेल, तर एस्केप चाक मध्याबाहेर आहे. पॅलेटचे पृष्ठभाग आरशासारखे हवेत. लाकडी पॅलेट असेल तर त्यावर पातळ पोलादी पट्टी चिकटवा आणि ती घासून चकाकवा.

टिक आणि टॉक यांच्यातलं अंतर सारखं आहे का तेही ऐका. लंगडा ठोका म्हणजे एका बाजूला दाता जेमतेम सुटतोय. मग जराशा घर्षणानेही घड्याळ थांबतं आणि दोष उगाच चाकांना लागतो. क्रच किंचित वाकवून ठोका सारखा करा.

क्रचच्या पिनेला लंबकाच्या खाचेत ०.२-०.३ मिलिमीटर मोकळीक पुरे. आसापासून १५ सेंटिमीटर खाली अर्धा मिलिमीटर फट ठेवली तर जवळजवळ ०.२ अंशांची हालचाल वाया जाते, आणि पूर्ण ढकल असते एक-दोन अंशांचीच. अगदीच घट्ट ठेवली तर पिन घासते. आणि लंबकाची पट्टी जिथे वाकते ती जागा अँकरच्या आसाच्या नेमक्या समोर हवी. ती वर-खाली असेल तर प्रत्येक झोक्याला पिन खाचेत वर-खाली सरकते आणि ते घर्षण कुठल्याच मोजणीत सापडत नाही. टांगणी वर-खाली सरकवता येईल अशी ठेवलीत तर हे पाच मिनिटांत जुळवता येतं.

मे महिन्यात चालणारं, जुलैत थांबणारं

पावसाळ्यात लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, रेषांच्या लांबीत जवळजवळ नाही. अखंड फळीतून कापलेलं २०० मिलिमीटरचं चाक आडव्या दिशेने एक टक्का जरी फुगलं तरी व्यास २ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे त्या बाजूची त्रिज्या १ मिलिमीटरने. आपण दात्यांना दिलेली मोकळीक अर्ध्या मिलिमीटरच्या आतली. चाक अंडाकृती होतं आणि फेऱ्यात दोन ठिकाणी दाटतं. म्हणून मोठी चाकं चांगल्या प्लायवूडची करा, सागवान वापरायचं तर तुकडे जोडून. एमडीएफ कोकणात आणि मुंबईत नकोच.

प्लायवूड पसरत नाही, पण जाडीत फुगतं. चौकटीचे खांब उभ्या रेषांचे असल्याने त्यांची लांबी तीच राहते आणि मधले गड्डे-चाकं मात्र जाड होतात. मे महिन्यात अर्धा मिलिमीटर असलेली आसाची मोकळीक आषाढात नाहीशी होते. पावसाळी घड्याळाला पूर्ण एक मिलिमीटर द्या. पॉलिश किंवा लाख चाकाच्या दोन्ही बाजूंना आणि कडांनाही लावा. एकाच बाजूला लावलेलं चाक पापडासारखं वाकतं. आसांच्या भोकांत आणि दात्यांच्या कडांवर जाड थर मात्र चढू देऊ नका. किनाऱ्याजवळ साध्या पोलादी आसांवर गंजाची बारीक पूड धरते, तिथे स्टेनलेसची तार घ्या आणि बुश पितळीच ठेवा.

सुरुवातीचं वजन मे महिन्यात एकदा आणि जुलैच्या शेवटी एकदा मोजून घड्याळाच्या मागच्या पाटीवर तारखेसकट लिहून ठेवा. दोन आकड्यांत दीडपटीपेक्षा जास्त फरक असेल, तर आधी आसांची मोकळीक वाढवा, मग चाकांमधलं अंतर.